पंख्याला मागितलेलं इंजिन

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. भद्रावतीहून चामोर्शीपर्यंत माझी मोटरसायकल एकदाही बंद न पडता पोचली, तर ती माझी. रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर तिचं इंजिन माझ्या साळ्याचं.

साळ्याला ते धान उपणायच्या पंख्याला लावायचं होतं. मळणी झाली की खळ्यावर धानातला भुसा उडवायला वारा लागतो, आणि वारा काही साळ्याच्या सांगण्यात नाही. म्हणून त्याने लोखंडी पात्यांचा, दाराएवढा पंखा करून घेतला होता. पंख्यामागे चौकट, चौकटीला भोकं, सगळं तयार. इंजिनाची जागा तेवढी रिकामी. त्या जागेचं माप त्याने कुठून घेतलं? उन्हाळ्यात तो आमच्याकडे पाहुणा आला होता. सकाळी मी दात घासत होतो आणि तो टेप घेऊन माझ्या गाडीखाली वाकला होता. मला वाटलं, कौतुक करून राह्यला.

गाडी तशी कौतुकाचीच. जुनी, परदेशी बनावटीची, लांबच्या प्रवासासाठी घडवलेली. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन पेट्या, आणि पलंगासारखी सलग सीट. आधीच्या मालकाने तिच्यावर बसून बर्फाचे डोंगर पाहिले म्हणे. माझ्याकडे आल्यापासून तिने शाळा आणि भाजीबाजार पाहिला. मुलगी तिला म्हैस म्हणते. बायको नुसतं "ते" म्हणते. "ते पुसून झालं असंल तर जेवाले या."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. विजेचा धडा तर इतकी वर्षं शिकवलाय की पुस्तक न उघडता पानाचा नंबर सांगतो. त्यामुळे गाडीत विजेचा बिघाड आला तेव्हा मिस्त्रीकडे जाणं मला धड्याचा अपमान वाटला. मी मल्टिमीटर आणला, दोनशे पानी वही आणली, वहीवर मोठ्या अक्षरात 'निदान' लिहिलं.

बिघाड असा की चालता चालता इंजिन एकदम गप्प. खोकणं नाही, धापा टाकणं नाही. पण पुढचा दिवा पेटलेला, हॉर्न खणखणीत, सेल्फ मारला की इंजिन फिरतंही. फक्त प्लगला ठिणगी नाही. मग मी रस्त्याच्या कडेला गाडी लावायचो, बायकोला उतरवायचो, सीट काढायचो, आतली एखादी जोडणी उपसून, पुसून परत बसवायचो, सीट लावायचो, बटण दाबायचो. आणि गाडी सुरू! त्या क्षणाचा आनंद काय सांगू. मी तिथेच पेट्रोलच्या टाकीवर वही ठेवून लिहायचो: 'दोष सापडला. प्लगची टोपी.' पुढच्या वेळी: 'दोष सापडला. कॉइल.' त्याच्या पुढच्या वेळी: 'दोष सापडला. फ्यूजची पेटी.' वही अर्धी होईस्तोवर मला अकरा वेळा दोष सापडला होता आणि गाडी बारा वेळा बंद पडली होती.

एकटा असलो की गाडी लोण्यासारखी चालायची. चंद्रपूरला गेलो, आलो, काही नाही. मुलीला मागे बसवून नेलं, काही नाही. बंद पडली ती प्रत्येक वेळी बायको मागे असताना. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. वहीत एका पानावर मी पेन्सिलने 'सौ. सोबत असताना' असं लिहिलंही होतं. मग वही स्वयंपाकघरातल्या टेबलावर राहते हे आठवलं आणि ते खोडलं. विज्ञानात निरीक्षण महत्त्वाचं आहे, पण रोजचं जेवणही महत्त्वाचं आहे.

पैज लागली ती फोनवर. बायकोच्या माहेरी, चामोर्शीला, नव्या धानाचं जेवण होतं. मी म्हटलं, गाडीने जाऊ. फोन टेबलावर मोठ्या आवाजात चालू होता आणि पलीकडे साळा.

"भाऊजी, गाडीनं म्हणता, म्हणजे ढकलत का बसून?"

"बसून," मी म्हणालो.

"मंग बंद पडली तर इंजिन माह्यं. न थांबता आणली तर मी परत नाव नाई काढत. बोला."

मी बायकोकडे पाहिलं. ती भाकर थापत होती. वर न पाहता म्हणाली, "बोला ना. दोष सापडला म्हणता ना तुमी?"

आदल्याच दिवशी बारावा सापडला होता. मी हो म्हणालो.

निघालो ते सकाळी, उन्हं चढायच्या आत. चंद्रपूर मागे पडलं, जंगल लागलं, दोन्हीकडे साग आणि मधून काळा गुळगुळीत रस्ता. गाडी अशी चालली होती की मला गावंसं वाटत होतं, आणि मी गायलोही. बायको मागून म्हणाली, "गाडी बंद पडली नाई तं आवाज काऊन असा येऊन राह्यला?" मूल आलं. चहासाठी थांबायचा विचार मनात आला आणि मी घाईने झटकला, कारण थांबणं म्हणजे नेमकं काय याच्यावर साळ्याने वाद घातला असता. मूलच्या पुढे जंगल मागे सरलं आणि धानाच्या बांध्या सुरू झाल्या. कापणी होऊन गेलेली, जागोजागी कापलेल्या धानाचे पुंजणे रचलेले, कुठे मळणीयंत्राची घरघर. हवेत ताज्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा वास. मी मनातल्या मनात साळ्याला सांगायची वाक्यं जुळवत होतो. वैनगंगेचा पूल आता आलाच, पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा, मग चामोर्शी कितीसं.

पुलाच्या थोडं अलीकडे रस्त्यावर एक खड्डा होता. लहानसाच. गाडी त्यातून गेली आणि इंजिन गप्प झालं.

काही क्षण आम्ही तसेच घरंगळत गेलो. कानाला फक्त वारा. मागून बायकोने विचारलं, "बंद केली का झाली?"

मी गाडी कडेला घेतली. उतरलो. सीट काढली, उचलून झाडाला टेकवली. एक सांगायचं राहिलं: सीट मी नेहमी खालची बाजू झाडाकडे, नाहीतर भिंतीकडे करूनच ठेवायचो. यामागे कारण होतं. मग मी एक जोडणी पुसली, सीट लावली, बटण दाबलं. सुरू!

"सापडला," मी म्हणालो. "बस लवकर. थांबलो तसं कुणी पाहिलं नाही."

ती बसली. तिने पाय ठेवायच्या आत गाडी बंद पडली.

ती उतरली. मी बटण दाबलं. सुरू. ती बसली. बंद. आत्तापर्यंत निदान खड्डा तरी लागायचा, आज नुसतं बसणं पुरत होतं. ती उतरली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून नदीकडे पाहत उभी राहिली. हे चांगलं लक्षण नसतं.

"अवो," शेवटी ती म्हणाली, "त्या गाडीले मीच नको असंल."

"तसं काही नसतं. यंत्राला मन नसतं."

"मी बसली का बंद पडते हे मले तिसऱ्या बारीलेच समजलं होतं. तुमी वहीत लिवून खोडलं तेही दिसलं मले. मी म्हणलं, सापडंल तुमाले. इंद्रावतीपर्यंत नेतो म्हणले होते तुमी एक दिवस, सिरोंचाले तीन नद्या दाखवतो म्हणले होते. देऊन टाका त्याले इंजिन. पंखा तरी फिरंल."

खरं सांगतो, मला साळ्याची भीती तोवर होती. त्या वाक्यानंतर ती राहिली नाही. त्या जागी दुसरंच काही आलं. इतके महिने मी गाडी माझ्यासाठी दुरुस्त करत होतो आणि ती बाई मागच्या सीटवर बसून मनातल्या मनात सिरोंचाला जात होती.

रस्त्यालगतच्या बांधीत मळणी चालू होती. तिथून एक माणूस तणस झटकत वर आला. साठीकडे झुकलेला, गळ्यात दुपट्टा, कानावर बिडी. त्याच्यामागून दोन-तीन बायाही आल्या, कारण दोन पेट्यांची म्हैस रोज बंद पडत नाही.

"काय झालं जी?"

मी सुरुवात केली. ठिणगी, कॉइल, चुंबकीय क्षेत्र, वहीतले अकरा-बारा दोष. त्याने मला जरा बोलू दिलं आणि मग बायकोकडे वळला. "बाई, कवा बंद पडते आणि कवा नाई, तेवढंच सांगा."

"मी बसली का पडते. उतरली का चालते."

"झालं मंग," तो म्हणाला. "फळीखालची तार."

झाडीपट्टीतल्या नाटकांना दिवाळीनंतर तो दिवे लावायला जायचा. उभा जन्म रंगमंचाच्या फळ्यांखाली तारा ओढण्यात गेलेला. "नाटकात लाईट गेली का नवा पोरगा बलबाकडं पायते," तो सांगू लागला. "मी इचारतो, लाईट गेली तवा फळीवर कोन होतं? नाचनारीन होती? मंग बलब नोको पाहू, तिच्या पायाखाली पाय. तार फळीखाली दबली असते. मास्तर, तुमी अकरा बारी बलब बदलवला."

"बारा," बायको म्हणाली.

तो घरी जाऊन एक पिशवी घेऊन आला. तिच्यात मल्टिमीटर नव्हता. एक गाडीचा लहान बल्ब, त्याला दोन लांब तारा, टोकाला चिमटे. माझ्या आकड्यांच्या यंत्राकडे त्याने आदराने पाहिलं आणि ते बाजूला ठेवलं. मग सीट न काढता बाजूचं झाकण उघडलं.

"ठिनगी कोनत्या तारीनं बंद होते?"

हे मला येत होतं! "इंजिन बंद करायचं बटण आहे ना, त्याची तार. ती गाडीच्या लोखंडाला टेकली की ठिणगी बंद. बटण तेच करतं."

"मंग ती तार दुसरी कुठी लोखंडाले टेकते का पाहू. दाखवा." मी दाखवली. काळी, पांढऱ्या रेघेची, सीटखालून मागे जाणारी. त्याने तिची जोडणी सोडवली, बल्बचा एक चिमटा त्या तारेला, दुसरा बॅटरीच्या अधिक टोकाला लावला. बल्ब विझलेलाच.

"आता हे तार लोखंडाले टेकली तरच बलब पेटंल. नाई तं नाई. बाई, बसा."

ती बसली.

बल्ब पेटला.

भर उन्हात, एवढासा पिवळा बल्ब, पण तो पेटला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. "उठा," तो म्हणाला. ती उठली, बल्ब विझला. "बसा." पेटला. बांधीतल्या बायांनी ओरडून टाळ्या वाजवल्या. बायको उठत होती, बसत होती, आणि बल्ब तिच्या तालावर पेटत विझत होता. चार-पाच वेळा झाल्यावर कुणी सांगितलं नाही तरी ती आणखी दोनदा बसली. तिचा चेहरा असा उजळला होता की बल्ब फिका पडावा.

"पाहा," ती मला म्हणाली, "मी नाई! तार हाय!"

"तारच म्हणालो होतो मी," मी म्हणालो. मी तसं कधीच म्हणालो नव्हतो, पण त्या गोंगाटात खपून गेलं.

"आता सीट काढून पाहू, काय दाबते ते," दिवेवाले भाऊ म्हणाले.

"सीट मी काढतो," मी पुढे झालो. "भाऊ, तुम्ही चहा घ्या. तुमची मळणी खोळंबली. आता दोष सापडलाच आहे, मी बघून घेतो."

"काऊन? सीट कायले धरून ठेवली तुमी?" भाऊंनी विचारलं.

"अवो, पाहू द्या ना त्याइले," बायको म्हणाली, आणि तिने स्वतःच सीट उचलली, आणि सगळ्यांसमोर उलटी करून टाकीवर ठेवली.

आता कारण सांगतो. गाडी नवीन आणली तेव्हा बॅटरीची एक जोडणी सैल होती, म्हणून पहिल्याच आठवड्यात ती चौकात बंद पडली. ती मी घट्ट केली, तो बिघाड तिथेच संपला. पण चहावाला म्हणाला, "सर, नजर लागली जी गाडीले." मी त्याला नजर, लिंबू, मिरची यांच्यावर एक व्याख्यान दिलं. मग घरी येऊन जेवताना तेच व्याख्यान बायकोला आणि मुलीला दिलं. आणि पोळ्याच्या आधीच्या बाजारात, गोंडे आणि घुंगरं विकणाऱ्या एका माणसाकडून, ओळखीचं कुणी नाही हे दोनदा पाहून, मी काळ्या घोड्याची नाल घेतली. बिबा आणि काळा दोरा त्याने वरून दिला. कुणाला दिसू नये म्हणून ते सगळं मी सीटच्या खालच्या पोकळीत, मागच्या बाजूला, तांब्याच्या तारेने करकचून बांधलं. त्यानंतर मी अगणित वेळा सीट काढली. दर वेळी ते तिथे पाहिलं. त्याच्यावर मला कधीच संशय आला नाही. उलट बरं वाटायचं, की एवढ्या बिघाडात निदान संरक्षण तरी आहे.

ते आता सगळ्यांसमोर उन्हात चमकत होतं. नालेचं एक टोक घासून घासून पांढरं झालेलं. खाली गाडीत काळ्या तारेवर बरोबर त्याच जागी आवरण सोललेलं, आतलं तांबं उघडं, आणि शेजारी सांगाड्याचं लोखंड खरवडलेलं. मागे कुणी वजनाचं बसलं की नाल एका बाजूने तारेला आणि दुसऱ्या बाजूने सांगाड्याला टेकायची. सीट काढली की सगळं सुटं. मी रस्त्यात जे काही पुसत होतो ते उगाच. गाडी दुरुस्त होत होती ती सीट उचलल्याने.

मग एक म्हातारी बाई जवळ येऊन वाकली आणि म्हणाली, "बिबा बी हाय वो."

दिवेवाल्या भाऊंनी तांब्याची तार सोडवून नाल हातात घेतली, उलटसुलट केली. "मास्तर, कितव्या वर्गाले शिकवता?"

"आठवी ते दहावी."

"काय?"

"विज्ञान."

भाऊंनी मान हलवली, अजिबात न हसता. "आणखी एक सांगू का? रागावू नोका. हे घोड्याची नोहोय. घोड्याची नाल गोल असते. हे बैलाची पत्री हाय. अर्धी. माह्याच बैलाले चार पायाले आठ लागतात."

बांधीतल्या बाया पोट धरून हसायला लागल्या. बायको हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मला वाटलं, आता सगळी व्याख्यानं व्याजासकट परत येणार. पण तिने विचारलं एवढंच, "एवढं भेव वाटत होतं का जी तुमाले, गाडी जाईल म्हणून?"

मी म्हणालो, "हो."

"मले सांगतलं असतं तं मी चांगल्या जागी बांधली असती," ती म्हणाली, आणि पत्री रुमालात गुंडाळून तिने आपल्या पिशवीत टाकली.

भाऊंनी तारेवर काळी टेप गुंडाळली, तिला सांगाड्यापासून दूर वळवून बांधली, जोडणी परत लावली. मी सीट बसवली. बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. बायको बसली आणि इंजिन सुरूच राहिलं. ती मुद्दाम एकदा उसळून बसली. सुरूच. भाऊंनी पैशाचं नाव काढू दिलं नाही. नाटकाला या, आणि पहिल्या रांगेत बसा, फळीवर चढू नोका, म्हणाले.

पुलावर मी हॉर्न वाजवत गेलो. खाली वैनगंगा रुंद आणि उथळ, मधल्या वाळूवर बगळे. मागून बायको काहीतरी ओरडली, वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. पण तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर होते, आणि ते पुढे ढकलत होते.

चामोर्शीला साळा अंगणातच उभा. पायाशी पान्यांची पेटी उघडी, बाजूला तो दाराएवढा पंखा, मागची चौकट रिकामी.

"उशीर झाला भाऊजी," तो म्हणाला. "थांबली ना?"

पैज होती. गाडी थांबली होती, एकदा नव्हे, मोजायचं तर तीनदा. आणि आज खोटं बोलायचा माझा हक्क पुलाअलीकडेच संपला होता. मी हेल्मेट काढलं. "हे बघ," मी म्हणालो, "खरं सांगायचं तर—"

"थांबली," बायको मागून उतरत म्हणाली. "मीच थांबवली. पुलाजवळ. इचार यायले."

मी मान डोलावली. त्याहून खरं वाक्य मला माझ्या सगळ्या वहीत सापडलं नसतं.

साळ्याचं समाधान झालं नाही. तो वजनाने माझ्या दीडपट. तो चालू गाडीवर मागे चढून बसला, दोनदा जोरात आपटला, सीटची स्प्रिंग कुरकुरली. इंजिन आपल्या तालात चालत राहिलं. त्याने पान्यांच्या पेटीकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, आणि उतरला. "बरं, नाव नाई काढत," म्हणाला, आणि इतका हिरमुसला की मलाच वाईट वाटलं.

तेव्हा बायकोने पिशवीतून रुमाल काढला. "हे घे. तुह्या पंख्याले बांध. नजर नाई लागत."

"कुठची हाय?"

"यायले सापडली," ती म्हणाली. "रस्त्यात." आणि माझ्याकडे न पाहता सरळ आत गेली, भावजयीला नव्या धानाच्या भाताचा वास कसा रस्त्यापर्यंत येतो हे सांगत.

साळ्याने ती पत्री पुढच्या महिन्यात पंख्याच्या चौकटीला ठोकली. पंख्याला त्याने जुन्या पंपाचं इंजिन मिळवलं. पंखा अजून एकदाही बंद पडलेला नाही, हे तो मला फोनवर आवर्जून सांगतो. यावर विज्ञान काय म्हणतं हे मला चांगलं माहीत आहे. पण फोन मोठ्या आवाजात असतो आणि बायको शेजारी भाकर थापत असते. मी म्हणतो, "असू दे. चांगलं आहे."

वहीच्या मधल्या पानावर आता तिच्या अक्षरात एक ओळ आहे: 'सिरोंचा. सीट मीच काढून पाहीन.'